रंगीत आणि जुन्या कांड्यांतून फाउंटन पेन: पहिल्या पेनासाठी मार्गदर्शक

हाताने घडवलेल्या पेनाकडे पाहणाऱ्याला रंग आणि झळाळी दिसते. पेन चालतं की नाही हे मात्र आतली भोकं आणि आटे ठरवतात. त्यामुळे काम आतून बाहेर करायचं: आधी निब, मग सेक्शन (बोटांत धरायचा भाग), मग बॅरल (त्यामागचा पेनाचा दांडा), मग टोपण, आणि बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की सुंदर पण गळकं पेन तयार होतं.

इथे तयार किट वापरायचं नाही असं धरलं आहे. किटमध्ये पितळी नळीवर रंगीत आवरण चढवायचं असतं आणि आटे धातूच्या भागांवर तयार मिळतात. आपण सगळे आटे कांडीतच (पेन ज्यातून कोरायचं त्या भरीव दांडीत) पाडणार आहोत. बाहेरून घ्यायच्या वस्तू दोनच, निब युनिट (निब, तिला शाई पोचवणारी जीभ आणि दोन्ही धरणारं हाउझिंग) आणि शाई भरायचा कन्व्हर्टर.

कांडी कोणती घ्यावी

पहिल्या पेनाला एबोनाइट किंवा साधं ॲक्रिलिक घ्या. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. कापताना त्याचा कीस लांब, अखंड फितीसारखा निघतो. ते आटे स्वच्छ घेतं आणि छोट्या चुका पोटात घालतं. घासलं की गंधकाचा वास येतो, तो तयार पेनात फारसा राहत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऊन आणि गरम पाणी यांनी एबोनाइट विटकं, तपकिरी-हिरवट होतं. आणि त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, त्यामुळे एबोनाइटच्या टोपणाला चांदीची पट्टी लावायची असेल तर ती वारंवार पुसावी लागेल हे आधीच मान्य करून लावा.

ॲक्रिलिक रंगांत श्रीमंत आहे, पण त्याला उष्णता सोसत नाही. ड्रिल तापलं की भोकाची भिंत वितळते आणि थंड होताना ड्रिललाच पकडते. पॉलिस्टर रेझिनची कांडी दिसायला सर्वांत खोल आणि नखरेल, पण ठिसूळ. तिच्यात बारीक आटे पाडताना कडा टवके होऊन उडतात. ती आवडलीच असेल तर आट्यांचा भाग काळ्या एबोनाइटच्या नळीचा करून रंगीत कांडीत आतून चिकटवा (खरबरीत करून, २४ तासांत घट्ट होणाऱ्या संथ इपॉक्सीने). दिसतंही छान: टोपणाच्या तोंडाशी एक काळी रेघ येते.

आता जुन्या कांड्या. शेफर कंपनीने १९२४ मध्ये सेल्युलॉइडची पेनं आणली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या बड्या कंपन्याही तिकडे वळल्या. त्याआधीचा काळ मुख्यतः काळ्या, लाल किंवा दोन रंग मिसळलेल्या एबोनाइटचा. तेव्हा मोत्याची किंवा संगमरवराची झाक असलेली जुनी कांडी हाती आली की पहिला संशय सेल्युलॉइडचाच घ्यावा. कापडाने जोरात घासून वास घ्या. कापराचा आला तर सेल्युलॉइड, गंधकाचा आला तर एबोनाइट. तापवलेली सुई टोचून ओळखण्याची पद्धत काही जण सांगतात. सेल्युलॉइड त्याने भडकतं, त्यामुळे ती वापरूच नका.

सेल्युलॉइड ही निराळी जात आहे. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं ते मिश्रण आणि ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. म्हणून पेटलं तर वाळू किंवा कार्बन डायऑक्साइडने गुदमरवून उपयोग होत नाही, भरपूर पाण्याने थंड करावं लागतं. लेथखाली पाण्याचं घमेलं ठेवा आणि कीस दर काही मिनिटांनी त्यात टाका. ग्राइंडर त्याच खोलीत चालू नको. जुन्या कांडीवर जाळीसारख्या भेगा, चिकटपणा, आंबट उग्र वास किंवा जवळच्या धातूवर गंज दिसला तर ती सडायला लागली आहे. कितीही देखणी असली तरी पेनात घालू नका आणि चांगल्या कांड्यांच्या डब्यातही ठेवू नका, कारण तिच्यातून निघणारे आम्लवायू शेजारच्यांनाही नासवतात.

चांगलं सेल्युलॉइडसुद्धा लगेच वापरता येत नाही. आतला द्रावक आणि कापूर उडत राहतात आणि कांडी आक्रसते. भोक पाडून नवा पृष्ठभाग उघडा केला की हे पुन्हा वेगाने सुरू होतं. आज हलकेच फिरणारं टोपण काही महिन्यांनी अडकतं ते यामुळे. उपाय असा: आतलं भोक ठरलेल्या मापापेक्षा १ मिमी लहान पाडा, बाहेर १ ते २ मिमी जास्त ठेवा आणि तुकडे हवेशीर जागी सोडून द्या. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की तुकडा तयार. याला आठवडे लागतात, जाड तुकड्याला महिने. घाई असलेल्याने एबोनाइट घ्यावं.

दुधातल्या प्रथिनापासून बनणारं केसीन रंगांत अप्रतिम, पण ते पाणी पितं आणि फुगतं. टोपणाच्या माथ्यावरची टिकली करायला ठीक, शाईला टेकणाऱ्या सेक्शनला अजिबात नाही. जुन्या, दाबून साच्यात घडवलेल्या गडद बेकेलाइटच्या वस्तूंपासूनही नवशिक्यांनी लांब राहावं. त्यातल्या काहींत ॲस्बेस्टॉसची भर असते आणि कोरडं घासलं की ती थेट छातीत जाते. मास्क तसाही प्रत्येक कांडीला हवाच.

हत्यारं

छोटा मेटल लेथ, कोलेट चक (कांडी धरून फिरवणारी पकड) आणि टेलस्टॉकला (लेथच्या समोरच्या टोकाचा सरकता आधार) ड्रिल चक. लाकडाच्या लेथवरही जमतं, फक्त टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) आणि डाय (बाहेरून आटे पाडणारं) सरळ रेषेत सरकवणारा होल्डर लागतो. व्हर्नियर कॅलिपर ०.०२ मिमी दाखवणारा असावा. आट्यांचे तीन संच लागतात (पहिला आकडा आट्यांची जाडी, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये):

निब हाउझिंगसाठी टॅप. जोवो या निब कंपनीच्या ६ नंबर युनिटला ७.४ × ०.५, त्याचं ड्रिल ६.९ मिमी.
सेक्शन आणि बॅरल जोडायला १० × ०.७५ चा टॅप आणि डाय, ड्रिल ९.२५ मिमी.
बॅरल आणि टोपणासाठी १३ × ०.८ चे तिहेरी आटे, टॅप आणि डाय, ड्रिल १२.२ मिमी.

तिहेरी म्हणजे एकाऐवजी तीन आटे शेजारी शेजारी फिरत जातात. ०.८ मिमीच्या अंतराचे तीन, म्हणून एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी पुढे सरकतं. पाच मिमी आट्यांना जेमतेम दोन फेरे लागतात. साध्या ०.८ च्या आट्यांना तेवढ्यासाठी सहा लागले असते. हा टॅप-डाय संच सगळ्या सामानात महाग असतो आणि तो टाळण्याचा मोह होतो. टाळू नका, सहा फेरे फिरवून उघडायचं पेन खिशात राहतं, कागदावर येत नाही.

कागदावर माप

निब युनिट आणि कन्व्हर्टर हातात आल्याशिवाय एकही भोक पाडू नका. ६ नंबर लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या युनिटांची हाउझिंगं सारखी असतीलच असं नाही. शेपटीची जाडी आणि लांबी वेगळी निघते. सगळं मोजा आणि पेनाचा उभा छेद खऱ्या मापात काढा.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंतींची जाडी. बॅरलच्या तोंडाशी आतून १० मिमीचे आटे आणि बाहेरून १३ चे आटे एकमेकांवर येतात. बाहेरच्या आट्यांचा तळ सुमारे १२ मिमीवर असतो, म्हणजे मधे उरते १ मिमी. एबोनाइटला आणि ॲक्रिलिकला हे चालतं, पॉलिस्टरला धोक्याचं. आतला जोड ९ × ०.७५ केला तर बॅरलची भिंत दीड मिमी होते, पण मग सेक्शनची मान (मागचा, बॅरलमध्ये आवळायचा भाग) पातळ पडते, कारण कन्व्हर्टरचं तोंड तिच्या आतून जायचं असतं. मानेच्या आट्यांचा तळ ८.१ च्या आसपास येतो. कन्व्हर्टरचं तोंड ७.५ मिमी जाड निघालं तर काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून पहिल्या पेनाला १० मिमीच बरं.

कापणी

टोपणाला ७० मिमी, बॅरलला ९० मिमी आणि सेक्शनला ४० मिमी तुकडा घ्या. यात चकमध्ये धरायचा भाग आला. कांडी किमान १७ मिमी जाड हवी. जुनी कांडी अनेकदा १३-१४ मिमीचीच मिळते; तिचं टोपण होत नाही, बॅरल होतं. मग टोपण आणि सेक्शन काळ्या एबोनाइटचं करून टाका. जुन्या रंगाला काळा शेजार नेहमीच शोभतो.

करवत लावण्याआधी कांडीवर लांबीच्या दिशेने पेन्सिलने एक सरळ रेघ ओढा आणि प्रत्येक तुकड्यावर बाण काढा. टोपण आणि बॅरल यांची नक्षी सलग दिसावी असं वाटत असेल तर हाच एक क्षण आहे. नंतर कोणता तुकडा कुणाचा शेजारी होता ते ओळखता येत नाही.

सेक्शन

बोटांत धरायचा हा भाग सर्वांत छोटा आणि सर्वांत अवघड, म्हणून पहिला. बिघडला तर वायाही थोडंच जातं.

आरपार भोक हाउझिंगच्या शेपटीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी मोठं पाडा. मग मागच्या बाजूने कन्व्हर्टरचं तोंड जाईल तेवढं मोठं करा. पुढून ६.९ मिमीने हाउझिंगच्या आट्यांइतकी खोली घ्या आणि हाउझिंगच्या कॉलरसाठी (पुढच्या रुंद कड्यासाठी) तोंडाशी छोटी पायरी. ड्रिल ५ ते ८ मिमी आत घालायचं, बाहेर काढायचं, कीस झटकायचा, बोट लावून पाहायचं. गरम लागलं तर थांबायचं. वेग मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांच्या आत ठेवा. ॲक्रिलिक आणि पॉलिस्टरसाठी ड्रिलच्या धारेचा पुढचा काठ दगडावर किंचित सपाट करून घ्या. त्यामुळे ते खरवडत जातं, खेचत नाही. आरपार निघताना मागचं तोंड फुटतं ते धारदार ड्रिल ओढून घेतं म्हणून.

टॅप नेहमी हाताने, लेथ बंद करून. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. वंगणाला भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब आणि पाणी पुरतं. एबोनाइटला खनिज तेल नको. ॲक्रिलिकला अल्कोहोल नको, ताण असलेल्या जागी त्याने बारीक भेगांचं जाळं उठतं. सेल्युलॉइडला अल्कोहोल आणि ॲसिटोन दोन्ही नकोत, ते त्यांत मऊ पडतं किंवा विरघळतं.

मागची मान ९.९० ते ९.९५ मिमी घासून घ्या, टोकाला ४५ अंशांचा उतार द्या, मुळाशी १ मिमी रुंदीची खाच पाडा आणि डाय चढवा. ही खाच विसरलात तर शेवटचे एक-दोन आटे अर्धवट राहतात आणि सेक्शन बॅरलला टेकत नाही, मधे केसाएवढी फट दिसत राहते. मानेची लांबी ८ मिमी पुरे.

बाहेरून सेक्शन २० मिमी लांब, मागे ११.८, मधे १० आणि पुढच्या कडेला परत ११ मिमी. पुढची कड बोट घसरू देत नाही आणि टोपणाच्या आत शाई सुकू न देण्याचं कामही तिचंच आहे. ते पुढे येतं.

बॅरल

कन्व्हर्टर सेक्शनला लावा आणि मानेच्या खांद्यापासून मागे किती उरतो ते मोजा. त्यात ५ मिमी घाला, ती भोकाची खोली. भोक कन्व्हर्टरच्या जाडीपेक्षा साधारण १ मिमी मोठं, ८.५ मिमी चालतं. तोंडाशी १२ मिमी खोलीपर्यंत ९.२५ आणि त्यात १० × ०.७५ चा टॅप. मान ८ मिमी आणि टॅप केलेली खोली जास्त, कारण टॅपच्या टोकाचे आटे निमुळते असतात.

मग बाहेर. तोंडापासून ७ मिमी भाग १२.९ मिमी करा, उतार द्या, खाच पाडा, तिहेरी डाय चढवा. तिहेरी डाय पहिल्याच पाव फेऱ्यात वाकडा बसतो आणि एकदा वाकडा बसला की सुधारत नाही. टेलस्टॉकच्या होल्डरमधून दाबून धरत पहिले दोन फेरे द्या, मागे न फिरवता. आतल्या आट्यांत आधीच सेक्शन किंवा पितळी बोल्ट बसवून ठेवला तर पातळ भिंतीला आतून आधार मिळतो. बॅरलच्या तोंडाला उभी भेग पडते ती बहुतेक वेळा हा आधार नसल्यामुळे.

टोपण

टोपणाच्या आत दोन मजले असतात. खालचा १२.२ मिमीचा, त्यात आटे आणि सेक्शन मावतं. वरचा १० मिमीचा, त्यात निब. दोन्हींच्या मधे जी पायरी तयार होते तिच्यावर सेक्शनची ११ मिमीची पुढची कड टेकते आणि निबची खोली बंद होते.

माप असं: बॅरलवरचे आटे ७, सेक्शन २०, म्हणजे पायरी टोपणाच्या ओठापासून २७ मिमीवर यायला हवी. पण ती २६.८ वर ठेवा. टोपणाचा ओठ बॅरलच्या खांद्याला आणि सेक्शनची कड पायरीला, दोन्ही एकाच वेळी टेकणं हाताच्या कामात शक्य नाही. दोनपैकी एक निवडायचं असेल तर आतलं. बाहेरची ०.२ मिमीची फट डोळ्याला दिसत नाही. आतली तेवढीच फट ठेवली तर निब रात्रीत कोरडी पडते. पायरी सपाट हवी, ड्रिलच्या शंकूवर सोडू नका, एंड मिल किंवा बोअरिंग टूलने (सपाट तळ कापणाऱ्या हत्याराने) साफ करा.

वरच्या मजल्याची खोली निब सेक्शनबाहेर जेवढी येते तेवढी अधिक २ मिमी. ६ नंबरची निब साधारण २३ मिमी बाहेर असते, तेव्हा २५. निबचं टोक टोपणाला आपटलं तर दोष टोपणाचा असतो आणि भुर्दंड निबला.

टॅप पाडून झाल्यावर टोपण बॅरलवर लावून पाहा. तिहेरी आट्यांमुळे ते तीन वेगवेगळ्या जागी सुरू होतं आणि प्रत्येक वेळी नक्षी १२० अंशांनी फिरलेली दिसते. पेन्सिलची रेघ जिथे सर्वांत जवळ जुळते ती जागा शोधा. मग बॅरलचा खांदा ०.१ मिमीने मागे घेत गेलात तर टोपण दर वेळी १५ अंश जास्त फिरतं आणि रेघ जुळवता येते. तेवढीच सेक्शनची पुढची कडही कमी करावी लागते, नाहीतर आतून अडकतं. क्लिप पहिल्या पेनाला नको. तिच्यासाठी माथ्यावर वेगळा आट्यांचा तुकडा आणि कडं लागतं.

बाहेरचा आकार आणि पॉलिश

बॅरल आणि टोपण धरायला मँड्रेल (भाग चढवायचा दांडा) विकत घेऊ नका. पितळी कांडीवर त्याच डायने १० आणि १३ चे आटे पाडा, दोन मँड्रेल तयार. भाग त्यावर चढवा, टेलस्टॉकचा आधार द्या, १५०० ते २००० फेऱ्यांवर धारदार हत्याराने आकार काढा. शेवटचे काप ०.१ मिमीचे. एबोनाइट धार लवकर मारतं, दोन-तीन कापांनंतर हत्यार दगडावर फिरवा. टोपण १५.५ आणि बॅरल तोंडाशी १३.५ मिमी झालं की भिंती ठीक राहतात.

पॉलिश पेपर ४०० ने सुरू करून ६००, ८००, १०००, २०००, सगळे ओले. प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने हाताने घासा, आडव्या रेघा पूर्ण जाईपर्यंत. ४०० ची एक रेघ राहिली तर पुढचे सगळे पेपर तिला फक्त चमकवतात. मग प्लॅस्टिक पॉलिश आणि सुती कापड. खांद्यांच्या आणि ओठाच्या कडा टेपने झाका, नाहीतर त्या गोल होतात आणि टोपण-बॅरलचा जोड ओबडधोबड दिसतो. सेल्युलॉइडला बफ लावायचाच तर हळू, एका जागी एक सेकंदही न थांबता. पारदर्शक कांडीत आतले ड्रिलचे ओरखडेही दिसतात. भोक रीमरने (भोक गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने) साफ करून काडीला पेपर गुंडाळून आतूनही तेच सगळं करावं लागतं.

जोडणी आणि चाचण्या

सगळे भाग कोमट पाण्यात साबणाच्या थेंबाने धुवा, कापडाने नाही तर हवेने वाळवा. निब युनिटही धुवा, कारखान्यातलं तेल राहिलं तर शाई तुटक येते. भिंगाखाली निबची दोन्ही पाती समान उंचीवर आहेत का बघा. हाउझिंगच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं लावून हातानेच आवळा.

पहिली चाचणी पाण्याची. कन्व्हर्टरमध्ये पाणी भरून पेन टिश्यू कागदावर निब खाली करून रात्रभर उभं ठेवा, टोपण न लावता. थोडा ओलावा निबच्या टोकाशी चालेल. हाउझिंग आणि सेक्शनच्या सांध्यातून थेंब आला तर कॉलरची पायरी तिरपी आहे, तोंड पुन्हा सपाट करा. सेक्शनच्या मागून आला तर कन्व्हर्टर पूर्ण बसत नाही, मागचं भोक ०.१ मिमीने वाढवा.

दुसरी टोपणाची. शाई भरून, टोपण लावून पेन तीन दिवस आडवं ठेवा. उघडल्यावर पहिल्याच रेघेला शाई आली पाहिजे. नाही आली तर सेक्शनच्या पुढच्या कडेला खडूचा पातळ लेप देऊन टोपण लावा, काढा आणि आत टॉर्च मारून पायरीवरचा ठसा बघा. पूर्ण वर्तुळ दिसलं तर पायरी ठीक आहे, हवा टोपणाच्या माथ्यातून किंवा एखाद्या भेगेतून जाते. अर्धंच वर्तुळ म्हणजे पायरी तिरपी. ठसाच नाही म्हणजे टोपणाचा ओठ आधी टेकतोय, ओठ ०.१ मिमीने घासा आणि पुन्हा खडू लावून बघा.